उद्यमनगरचा हात आणि ल्योंची गाडी

काका, नमस्कार.

आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीन पिढ्यांचं वर्कशॉप आहे. सप्टेंबरात आम्ही फ्रान्सला निघालोय. मी, आमचे हे, तेरा आणि आठ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई, वय ७१. पॅरिसहून रेल्वेनं ल्योंला जाणार, तिथं नणंद असते. तिथून गाडी भाड्यानं घेऊन सहा दिवस आन्सी, शामोनी, जमलं तर जिनिव्हा. मलाही गाडी येते.

काळजी अशी की गेल्या वर्षी दुबईत पार्किंगच्या खांबाला आमची भाड्याची गाडी घासली. हे म्हणाले, डेंट काढून घेऊ, कुणाला कळणार नाही. तीन गॅरेजं फिरलो, सगळ्यांनी ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून परत पाठवलं. शेवटी गाडी गुपचूप लावून आलो. आठवड्यानं कार्डावरून २,३०० दिरहॅम कापले गेले. आता फ्रान्सला काही झालं तर काय करायचं, असं विचारलं की ह्यांचं एकच: ‘मी असताना गॅरेजवाला कशाला?’ पान्यांचं किट बॅगेत भरून तयार आहे. गाडी बंद पडली किंवा कुणाला लागली तर नेमकं काय करायचं? आणि दुबईचे पैसे परत मिळतील का?

ता. क. सासूबाई विचारतात, परदेशात गाडीची पूजा केलेली चालते का?

– उद्यमनगरची सूनबाई


सूनबाई,

पान्यांचं किट घरी ठेवा. बाकीचं सावकाश सांगतो.

मी एकतीस वर्षं मोटार विम्याचे सर्व्हे केले. गगनबावड्याच्या घाटात कठड्याला लटकलेल्या जीपपासून २०१९ च्या महापुरात टपापर्यंत बुडालेल्या गाड्यांपर्यंत सगळं पाहिलं. उद्यमनगरच्या हाताचं कौतुक मला वेगळं सांगायला नको. कंपनीनं ‘पार्ट यायला तीन महिने’ म्हटल्यावर चार दिवसांत लेथवर तो पार्ट काढून देणारी माणसं मी तिथंच पाहिली. तुमच्या मालकांना गाडीतलं कळतं यात शंकाच नाही. अडचण एवढीच, की ती गाडी त्यांची नाही. भाड्याच्या करारात जवळजवळ नेहमी लिहिलेलं असतं: कंपनीच्या परवानगीशिवाय दुरुस्ती करायची नाही, करूनही घ्यायची नाही. घाटात गाडी तापली की आपण बॉनेट उघडतो, बाटलीभर पाणी ओततो आणि पुढं निघतो. तिथं तेच केलं आणि पन्नास किलोमीटरवर इंजिन बसलं, तर ‘तुम्ही हात लावला होता’ एवढ्या एका वाक्यावर सगळं बिल तुमच्या अंगावर येईल. दोष आधीपासून त्यांच्या गाडीत होता, हे मग सिद्ध कसं करणार?

दुबईचं आधी संपवतो. ते पैसे गेले असं समजा. कार्डावरच्या वजावटीला हरकत घ्यायची मुदत काही महिन्यांचीच असते, आणि हरकत घेऊन तरी सांगणार काय? ओरखडा तुमच्याच हातून पडला होता. यूएईत पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला ठोकलेल्या गाडीला हात लावत नाही, आणि भाड्याच्या कंपनीचं विमासंरक्षणही त्याच कागदावर चालतं. तेव्हाच पोलिसांना कळवलं असतं तर करारातली ठरलेली रक्कम भरून सुटला असता. लपवल्यामुळे ते संरक्षणच गेलं, आणि ते म्हणतील ते बिल भरावं लागलं.

आपल्याकडे हे असं का होतं, तेही मला कळतं. ताराराणी चौकात दोन गाड्या घासल्या की चार माणसं जमतात, थोडी शिवीगाळ होते, मग ‘जाऊ दे भावा, मिटवून टाक’ म्हणून पाचशेची नोट इकडून तिकडे जाते. मी स्वतः कित्येकांना हाच सल्ला दिलाय, कारण किरकोळ क्लेमपायी नो क्लेम बोनस घालवणं मूर्खपणाचं. पण मिटवायचा हक्क गाडीच्या मालकाला असतो. भाडेकरूनं परस्पर मिटवलं तर उद्या समोरचा मान धरून दवाखान्यात गेला, की तुमच्या हातात काहीच नसतं.

आता तुमच्या मालकांना काम देतो, आणि हे काम त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. ल्योंला गाडी ताब्यात घेताना अर्धा तास त्यांना गाडीभोवती मोकळं सोडा. जुन्या डेंटवर पुट्टी भरली असेल तर ती त्यांना उजेडात लगेच दिसेल. बंपरचा खालचा ओठ, चारही रिमच्या कडा, टायरच्या बाजू, काचेवरचा खड्याचा टिपका, टप, आरशांच्या मागचा भाग हे सगळं बघायचं. तुम्ही फोनवर सलग व्हिडिओ घ्या, त्यात नंबरप्लेट, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटाही येऊ द्या. मग जे जे सापडलं ते त्यांच्या तपासणीच्या कागदावर लिहून घ्या आणि काउंटरवरच्या माणसाची सही घ्या. ‘इट्स ओके’ असं तो तोंडानं म्हणेल. तोंडी काही घेऊ नका. गाडी तळघराच्या अंधारात उभी असेल तर उजेडात आणून बघा. बूट उघडून स्टेपनी आहे का तेही पाहा. हल्ली पुष्कळ गाड्यांत स्टेपनी नसतेच, टायरमध्ये फेस मारायची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो.

काउंटरवर आणखी तीन गोष्टी. करारात चालक म्हणून ज्याचं नाव आहे त्यानंच गाडी चालवायची. यजमान थकले म्हणून तुम्ही दहा मिनिटं बसलात आणि तेवढ्यात ठोकली, तर विमा नाही. तेव्हा दुसरी चालक म्हणून तुमचं नाव आधीच घाला, त्याचे रोजचे थोडे पैसे पडतात. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही दोघांनी काढा. फ्रान्समध्ये आपल्या इंग्रजी-मराठी लायसन्सबरोबर ते लागतं. आपल्याच आरटीओतून मिळतं, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स बरोबर हवंच, नुसतं परमिट चालत नाही. आणि क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं पाहिजे. बँकेच्या ॲपमध्ये त्याचा परदेशातला वापर चालू करून ठेवा. कंपनी अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवते, तेव्हा खर्चायला दुसरं कार्ड लागेल.

ही अनामत कशाची, ते समजून घ्या, कारण खरा घोळ इथंच असतो. आपल्याकडे खासगी गाडीच्या क्लेममध्ये सक्तीचा एक्सेस, म्हणजे आपल्या खिशातून भरायची रक्कम, १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० असतो. तो इतका किरकोळ, की लोकांना तो असतो हेच माहीत नसतं. युरोपात भाड्यात ‘सीडीडब्ल्यू’, म्हणजे धडकेच्या नुकसानीची सूट, धरलेलं असतं. पण तो पूर्ण विमा नाही. नुकसान झालं तर पहिले अमुक युरो तुमचे, त्यावरचे कंपनीचे, एवढाच त्याचा अर्थ. हे पहिले युरो हजार-दीड हजारांच्या घरात सहज जातात, म्हणजे लाखाच्या पुढेच. काउंटरवरचा मुलगा रोजचे पैसे घेऊन ती रक्कम शून्यावर आणायला सांगेल. महाग पडतं. पण सासूबाई आणि मुलं बरोबर असताना, उजव्या बाजूनं चालवायची सवय नसताना मी ते घेतलं असतं. काही भारतीय ट्रॅव्हल पॉलिसींतही भाड्याच्या गाडीच्या एक्सेसचं कव्हर असतं, तुमच्या पॉलिसीत आहे का ते निघण्याआधी वाचा. असलं तरी आधी तुम्ही भरायचं आणि मग इथं येऊन मागायचं, अशी त्याची रीत असते. त्यामुळे एकही कागद टाकू नका.

सगळं घेतलं तरी टायर, काच, गाडीचं पोट, टप, क्लच, हरवलेली किल्ली आणि चुकीचं इंधन हे पुष्कळदा बाहेरच राहतं. कशाला कव्हर आहे ते नव्हे, कशाला नाही ते विचारा. क्लचची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. तिथं स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. शामोनीकडच्या चढावर डावा हात सवयीनं दाराकडे जाईल आणि पाय क्लचवर राहील. ऑटोमॅटिक गाडी मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्या.

इंधनाचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आपल्याकडे पंपावर पोरगा येतो, ‘पेट्रोल की डिझेल’ विचारतो, भरतो. परदेशात नळी तुमच्याच हातात. काही वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये, एकतीस वर्षांच्या अनुभवाच्या ह्या सर्व्हेअरनं डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं. हिरवी नळी दिसली, हिरवं म्हणजे बरोबर असं डोक्यात कुठंतरी होतं. पैसे देऊन परत येताना टाकीच्या झाकणावरचं वाचलं. गाडी चालू केली नाही, एवढी एकच अक्कल शाबूत होती. चालू केली असती तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं धुवावं लागलं असतं. नुसती टाकी उपसून भागलं, तरी तीन तास पावसात उभा होतो, आणि बायकोनं त्या तीन तासांत एक अक्षर काढलं नाही. ते बिलापेक्षा महाग पडलं. तुम्ही खुणा पाहून ठेवा: युरोपात ऑक्टोबर २०१८ पासून पेट्रोलच्या चिठ्ठीवर गोल आणि त्यात ‘ई ५’ किंवा ‘ई १०’, डिझेलच्या चिठ्ठीवर चौकोन आणि त्यात ‘बी ७’ असतं. झाकणाच्या आत आणि नळीवर तीच खूण. फ्रान्समध्ये डिझेलला ‘गाझोल’ म्हणतात. नाव गॅसोलीनसारखं वाटतं, फसू नका.

आता गाडी बंद पडली तर. समजा आन्सीच्या वाटेवर मोटरवेवर बोर्डवर लाल दिवा लागला. गाडी सरकत असेल तर थोड्या थोड्या अंतरावर विसाव्याच्या जागा असतात, तिथपर्यंत न्या. नसेल तर उजवीकडच्या पट्टीत घ्या, चारही इंडिकेटर लावा, आणि आधी माणसं बाहेर. उतरायचं उजव्या दारानं. डावीकडून गाड्या ताशी १३० नं जात असतात. लोखंडी कठड्याच्या पलीकडे जायचं आणि तिथंच थांबायचं, गाडीत बसायचं नाही. सासूबाईंना कठडा ओलांडायला दोघांनी धरावं लागेल, याचा विचार आधीच करून ठेवा. त्यांच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि शाल बूटमध्ये नको, हातातल्या पिशवीत. चमकणारी जॅकेटं चालकाच्या हाताशी पाहिजेत. गाडीत किमान एक असणं तिथं बंधनकारक आहे, आणि पुष्कळदा एकच असतं. तुमच्या वर्कशॉपमध्ये तसली जॅकेटं पडलेलीच असतील. पाच घ्या. वर्कशॉपमधून बॅगेत जाईल ते एवढंच. लाल त्रिकोण साध्या रस्त्यावर तीस मीटर मागे ठेवतात. मोटरवेवर त्रिकोण ठेवायला म्हणून कडेनं चालत जाऊ नका, माणसं मरतात ती तिथंच.

मग फोन. फ्रान्सच्या मोटरवेवर साधारण दर दोन किलोमीटरला नारिंगी रंगाचा फोनचा खांब असतो. कठड्यामागून चालत जाऊन त्यावरून बोलायचं. तुम्ही नेमके कुठं आहात हे त्यांना आपोआप कळतं, गावाचं नाव सांगत बसावं लागत नाही. तिथं आपल्या ओळखीचा क्रेनवाला बोलावता येत नाही, भाड्याच्या कंपनीलाही नाही. मोटरवेवरून गाडी उचलायचा अधिकार नेमून दिलेल्या लोकांनाच असतो आणि त्यांचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे घासाघीस करू नका, पावती घ्या. त्याच वेळी कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करायचा. तो करारावर आणि बहुधा किल्लीच्या बिल्ल्यावर असतो, पण आदल्या रात्री दोघांच्या फोनमध्ये घालून ठेवा. पहिल्याच वाक्यात सांगा, ‘पाच माणसं आहोत, एक वयस्कर, दोन मुलं.’ क्रेनच्या केबिनमध्ये सगळे मावत नाहीत, टॅक्सी मागावी लागते. आणि गाडी बदलून मिळाली तर जुन्या गाडीतली धाकट्याची सीट काढून घ्यायला विसरू नका. फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्या मुलाला ती लागतेच.

फ्रेंचमध्ये गाडी बंद पडण्याला ‘पान’ म्हणतात. गंगावेशीत कुणी ‘पान झालं’ म्हटलं तर आपण सुपारी मागू. पण शब्द लक्षात राहील, कामाला येईल.

बंद पडली याचा खर्च कुणाचा? यंत्रातच बिघाड असेल तर कंपनीचा. टायर फुटला, रात्री दिवे चालू राहून बॅटरी उतरली, किल्ली आत राहून दार लॉक झालं, तर तुमचा, मदतीचं वेगळं कव्हर घेतलं नसेल तर. आणि म्हणूनच तुमच्या मालकांनी बोर्डवरचे दिवे बघून मनात निदान केलं तर करू द्या. फोनवर ते निदान सांगायचं नाही. ‘लाल दिवा लागला, गाडी ओढत नाही’ एवढंच. ‘मला वाटतं फ्युएल फिल्टर चोक झालाय’ म्हटलं की पलीकडचा माणूस ते लिहून ठेवतो, आणि पुढचा प्रश्न तुम्ही काय भरलं हा असतो.

धडक झाली तर गोष्ट वेगळी. कुणाला लागलं असेल तर ११२. आपल्याकडचाच नंबर आहे, युरोपभर चालतो. तिकडच्या नव्या गाड्यांत टपाला आरशाजवळ ‘एसओएस’चं बटण असतं. ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलांना ते सक्तीचं झालं. जोराची धडक बसून एअरबॅग फुटली तर गाडी स्वतःच ११२ ला फोन लावते. तेव्हा छतातून कुणी फ्रेंच बोलायला लागलं तर घाबरू नका, असं सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. लागलेल्या माणसाला हलवू नका. पोलिस येतील, चालकाची दारूची तपासणी होईल, त्यात अपमान वाटून घ्यायचा नाही.

इथं एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना ठाऊक नसते. गाडीचा थर्ड पार्टी विमा बाहेरच्या जखमींना आणि तुमच्या गाडीतल्या सहप्रवाशांना धरतो. चालकाला नाही. सगळ्यांत उघडा माणूस स्टिअरिंगवरचा. आपल्याकडे त्याच्यासाठी मालक-चालकाचं १५ लाखांचं पीए, म्हणजे वैयक्तिक अपघाताचं, कव्हर सक्तीचं आहे, तिथं भाड्याच्या गाडीत ते आपोआप मिळेल असं धरू नका. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोच्या वैद्यकीय कव्हरची पॉलिसी तुम्ही काढालच. तुमच्या मालकांचा दवाखाना मुख्यतः तिच्यावर आहे. तिचा आपत्कालीन नंबर कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. ॲडमिट करायची वेळ आली तर आधी त्यांना फोन, मग बिल.

कुणाला लागलं नसेल, नुसता पत्रा गेला असेल, तर दुबईच्या अगदी उलट. फ्रान्समध्ये ओरखड्यासाठी पोलिस सहसा येतच नाहीत. तिथं दोन चालक मिळून एक फॉर्म भरतात, त्याला ‘कॉन्स्ता आमियाब्ल’ म्हणतात, म्हणजे सामोपचाराचं निवेदन. नावात सामोपचार आहे म्हणून आपलं ‘मिटवून टाक’ समजू नका. तो फॉर्म दोन्ही विमा कंपन्यांसमोरचा मुख्य पुरावा आहे, आणि मी माझ्या नोकरीत इतका नेटका कागद पाहिला नाही. डावीकडे गाडी ए, उजवीकडे गाडी बी. मधे १२ नंबरच्या रकान्यात सतरा वाक्यं आणि दोन्ही बाजूंना चौकोन: ८ म्हणजे ‘त्याच रांगेत पुढच्याला मागून धडकलो’, १४ म्हणजे ‘रिव्हर्स घेत होतो’, १६ म्हणजे ‘चौकात उजवीकडून येत होतो’, १७ म्हणजे ‘वाट देण्याची पाटी किंवा लाल सिग्नल मानला नाही’. खाली १३ मध्ये आकृती, १४ नंबरच्या रकान्यात तुमचं म्हणणं. युरोपात कुठल्याही भाषेतला फॉर्म घ्या, रकाने तेच, नंबर तेच. म्हणून इंग्रजी कॉपी इथूनच छापून न्या आणि विमानात बसून वाचा. फ्रेंच फॉर्म समोर आला तरी नंबरावरून नंबर लावता येईल.

सोळा नंबर पाठ करा. फ्रान्समध्ये चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, तो गल्लीतून येत असला तरी. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरचा माणूस स्वतःला राजा समजतो. तिथं असल्या चौकात गल्लीतून येणारी छोटी गाडी तुम्हाला ठोकेल आणि चूक तुमची ठरेल.

फॉर्म भरताना घाई करायची नाही. समोरचा कितीही गोड बोलला तरी जे कळलं नाही त्यावर सही नाही. नणंदबाईंना व्हिडिओ कॉल लावा, त्यांना वाचायला लावा. समोरच्यानं तुमच्या बाजूच्या चौकोनात खूण केली आणि ती मान्य नसेल, तर सहीच्या आधी १४ नंबरच्या रकान्यात ‘मान्य नाही, कारण अमुक’ इंग्रजीत लिहा. दोघांच्या सह्या झाल्यावर त्या पानावर कुणालाही काही वाढवता येत नाही. ‘सॉरी’ म्हणायची आपली सवय असते, माणुसकी म्हणून म्हणा, पण ‘माझी चूक’ असं लिहून द्यायचं नाही आणि रोख पैसे तर नाहीतच. फोटो गाड्या हलवण्याआधी काढा: दोन्ही नंबरप्लेट, चौक, पाट्या, रस्त्यावरचे पट्टे. समोरचा सही न करता निघाला तर निदान नंबर टिपा. तुमची प्रत त्याच दिवशी कंपनीला पाठवा. विमा कंपनीपर्यंत जायला त्यांच्याकडे कामाचे पाचच दिवस असतात, आणि उशीर झाला तर ते तुमच्याकडे बोट दाखवतील.

जिनिव्हा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, म्हणून गाडी सीमेपार न्यायची परवानगी करारात आहे का ते विचारून घ्या. तिथल्या मोटरवेवर चढायचं तर ४० फ्रँकची ‘विन्येत’, म्हणजे टोलची चिठ्ठी, आधी घ्यावी लागते, सापडलात तर २०० फ्रँक दंड आणि वर विन्येतीचे पैसे. टोल म्हटलं की कोल्हापूरकराच्या अंगात येतं, आपण आंदोलन करून तो घालवलाय, पण तिथं गप्प भरायचा. फ्रान्समध्ये घेतलेलं सिमही सीमा ओलांडल्यावर चालेल की नाही ते बघा. माझं मत विचाराल तर आन्सीहून बस घ्या, गाडी नेऊच नका.

गाडी परत करताना माणूस हजर असेल अशी वेळ निवडा. लहान गावातलं ऑफिस दुपारी आणि रविवारी बंद असतं. पेटीत किल्ली टाकून आलात की रात्रभरात गाडीला काय झालं हे तुम्हाला सांगता येणार नाही. पुन्हा तोच व्हिडिओ, पुन्हा किलोमीटर आणि काटा, आणि ‘नवं नुकसान नाही’ किंवा ‘अमुक एवढंच’ असं लिहून सही. डेंट पडलेला असेल तर तुम्ही होऊन दाखवा. तुमच्या मालकांना हे सगळ्यांत जड जाईल.

नंतर घरी बिल आलं तर घाबरून भरू नका आणि चिडून गप्पही बसू नका. ईमेल करा. फोटो मागा, दुरुस्तीचा अंदाज किंवा बिल मागा, करारातलं कुठलं कलम लावलं ते विचारा. वेगवान गाडीचा दंड असेल तर तुमचं नाव पोलिसांना कळवल्याची फी कंपनी वेगळी लावते, ती बहुतेक वेळा करारात असते, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण न केलेल्या नुकसानीचे पैसे कापले असतील, तर व्हिडिओसकट तुमच्या बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराला लेखी हरकत घ्या. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आपली माणसं इथंच कंटाळतात, ‘जाऊ दे’ म्हणतात.

आणि आता सासूबाईंचा प्रश्न, जो खरं तर पत्रातला सगळ्यांत अवघड आहे. पूजा करा, कुणी अडवणार नाही. पण बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक नको, सफाईचे पैसे लावतील. बंपरला लिंबू-मिरची बांधलीच तर परत करताना दोरासुद्धा राहता कामा नये. नारळ इथून नेता येतो. युरोपीय संघात फळं-भाज्या न्यायच्या तर आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यातून पाचच फळं सुटली आहेत, अननस, केळं, ड्युरियन, खजूर आणि नारळ. लिंबू त्यात नाही, मिरचीही नाही. ती ल्योंच्या बाजारातून नणंदबाईंना आणायला सांगा. लिंबू चाकाखाली चिरडायला माझी हरकत नाही. नारळ मात्र गाडीपासून लांब, फूटपाथवर फोडा. पत्र्यावर करवंटी उडाली तर त्या ‘कॉन्स्ता’च्या सतरा चौकोनांत त्यासाठी एकही चौकोन नाही.

– तुमचे काका